आत्याचे पाय

यमुनाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी वकिलांच्याच ऑफिसात बसलो होतो. फोन सुनंदाचा, माझ्या बायकोचा. तिला एवढंच बोलता आलं, "गेल्या हो आत्या..." समोर टेबलावर आत्याच्याच तक्रारीचे कागद पसरलेले. वकील हलक्या आवाजात म्हणाले, "आता वारस म्हणून तुम्हा दोघा भावांची नावं लावावी लागतील." मला त्या शब्दाची लाज वाटली. काही आठवडे झाले, अजून वाटते. जिला सांभाळायला आम्ही नव्हतो, तिच्या दुखण्याचे मात्र आम्ही वारस.

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत एकटी पडली, मूलबाळ नाही, आणि मग सगळं आयुष्य पंचवटीच्या बाजारात फुलं विकण्यात गेलं. शेवंती, झेंडू स्वतः पिकवायची, स्वतःच विकायची. गिऱ्हाईकानं हार नाकाशी नेला की खेकसायची, "देवाच्या आधी तूच वास घेतो का रं?" रिक्षावाले तिच्या पाटीपासून लांबून वळण घ्यायचे. आम्हा भावंडांना मात्र बाजार उठला की भेळ ठरलेली. मी नोकरीला लागलो तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे तिनं वाटले. तिच्या लेखी आम्हीच तिची मुलं. आमच्या लेखी ती... आत्या होती, एवढंच लिहिणं बरं.

खुब्याचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली, तेव्हा दादा म्हणाला, आपल्या दोघांच्या घरी दिवसभर असतं कोण? दिंडोरी रस्त्याला, द्राक्षबागांच्या मधे एक वृद्धाश्रम सापडला. "हवा काय छान आहे तिथली," हे आम्ही विचारेल त्याला आणि न विचारेल त्यालाही सांगत सुटलो. भेटायला जायचो ते सणावारी. संक्रांतीला तिळगूळ, दसऱ्याला आपट्याचं सोनं. एकेकानं वाकून पाया पडायचं, फोटो काढायचा, निघायचं. गेल्या दिवाळीत फराळ घेऊन गेलो, तर खोलीत शिरताच सुनंदा थबकली. वास येत होता. तिनं पांघरूण बाजूला केलं, आत्याच्या पायातले मोजे हळूहळू सोलून काढले. मी दाराकडे सरकलो होतो, तिनं दंड धरून मला थांबवलं. दोन्ही टाचांना जखमा, एक तर आतपर्यंत गेलेली. तिला नीट हलवून, पाय उचलून कुणी पाहिलंच नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये आत्या शुद्धीवर होती आणि तिचं तोंडही शाबूत होतं. म्हणाली, "रम्या, केस कर त्यांच्यावर."

मी चाचरलो. "आत्या, लोक आपल्यालाच विचारतील, तुम्ही काय करत होता म्हणून."

"इचारू दे की. मग सांग. माझं काय, मी सुटंल. पन माझ्या शेजारच्या खाटंवर ती अनसूया हाय ना, तिला सणालाबी कुनी येत नाय. तिचं पाय कोन बघंल?"

ग्राहक आयोगात तक्रार गेली ती अशी, तिच्या अंगठ्यानिशी. त्या जखमांचं विष पुढे आत्याच्या अंगभर भिनलं आणि निकाल लांबच राहिला. आश्रमाचं म्हणणं असं, की जखमा ताज्या आहेत, दिवाळीच्या तोंडावर, कुणाच्या लक्षात यायच्या आत झालेल्या. दसऱ्याला नातेवाईक आले तेव्हा पाय ठणठणीत होते. पुरावा म्हणून त्यांनी फोटो लावला. आत्या नव्या लुगड्यात, पायात कोरे मोजे, आणि त्या पायांवर मी डोकं ठेवलेलं. त्यांचे वकील शांतपणे म्हणाले, "पायावर डोकं ठेवणाऱ्याला जखम कळली नाही, म्हणजे ती नव्हतीच."

उत्तर होतं, सुनंदाच्या फोनमध्ये. त्याच क्षणाचा व्हिडिओ. मी वाकतो, आत्या झटकन पाय ओढून घेते. आपल्याकडे वडीलधारी माणसं संकोचून पाय मागे घेतातच, आणि धाकट्यांनी हट्टानं ते धरायचे असतात. मी तो पाय धरून पुढे ओढला. सगळे खदखदून हसलो... दादानं तो पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "हे दाखवलंस तर गावात तोंड दाखवायची सोय नाही राहणार. ती गेली बिचारी. केस काढून घेऊ." खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं होतं. सुटल्यासारखं वाटलं होतं. पण जेवायला बसलो की घास हातातच राहायचा. तिचं पाय कोन बघंल, हे काही कानातून जाईना. शेवटी मी व्हिडिओ वकिलांकडे दिला.

मागच्या आठवड्यात तारीख होती. व्हिडिओ लागला तेव्हा मी खाली फरशीकडे पाहत बसलो. आमचा हशा त्या खोलीत भरून राहिला. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा, "आत्या, आता या वयात काय लाजतेस!" अध्यक्षबाई म्हणाल्या, "परत लावा. आवाज वाढवा." दुसऱ्या वेळी हशाच्या खालून आत्याचा आवाज आला, अगदी बारीक. "दुखतंय रं, रम्या... सोड."

आमच्यापैकी कुणीही ते तोवर ऐकलं नव्हतं. सर्वांत जवळ मी होतो, पाय माझ्याच हातात होता. दादा उठून बाहेर गेला. आश्रमाच्या वकिलांनी मला काही विचारलं नाही. तिथल्या सगळ्या खोल्या आणि माणसं तपासायला कुणाला तरी पाठवावं, ही आमची मागणी मंजूर झाली. सुरुवात अनसूयाबाईंपासून करायला सांगा, एवढंच मी वकिलांना म्हणालो.

घरी आल्यावर सुनंदानं आणि मी दोघांचेही फोन चाळले. आत्याचे फोटो खंडीभर आहेत, प्रत्येक सणाचे. बोलताना मात्र ती त्या एकाच व्हिडिओत आहे. तिचा आवाज ऐकावासा वाटला, की मला तोच लावावा लागतो.