पूजेतला लॅपटॉप

पंचेचाळिशी उलटल्यावर बाईनं पीएच.डी. करायला घेतली की लोक आधी तब्येतीची चौकशी करतात. मी अमरावतीला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, माझे मार्गदर्शक अकोल्याचे. विषय साधा होता: कपाशीच्या ओळींत किती अंतर ठेवलं तर बोंडं जास्त लागतात. मागच्या हंगामात माझ्या सासऱ्यांनी नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या वावरात दोनशे चाळीस झाडांची बोंडं मोजून वहीत लिहून दिली होती.

आकडेमोडीचं महागडं सॉफ्टवेअर कॉलेजात एकाच संगणकावर होतं आणि त्या खोलीची किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात. किल्ली मागून मागून माझं डोकं फिरलं, तेव्हा स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्यानं पेन ड्राइव्ह हातात ठेवला. त्यात अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम होती, कुणीही फुकट वापरावी, कुणीही उघडून दुरुस्त करावी अशी, आणि वैज्ञानिकांना लागणारे सगळे प्रोग्रॅम त्यात आधीच भरलेले.

"लावून पाहा, आवडली तर मंग लॅपटॉपमंदी बसवून घ्या," तो म्हणाला.

मला बोंडांची सरासरी हवी होती, पण त्यात आलेख, समीकरणं, रेणूंची चित्रं आणि वर ग्रहतारेही निघाले. एक संध्याकाळ मी शनीची कडी बघण्यातच घालवली. सिस्टीम इतकी आवडली की बसवून घ्यायचं राहूनच गेलं. आठ दिवस मी ती पेन ड्राइव्हवरूनच चालवली. काम झालं की लॅपटॉप बंद न करता नुसता मिटायचा, उघडला की सगळं जागच्या जागी. पेन ड्राइव्हवरून चालवलं की केलेलं काम मशीन चालू आहे तोवरच टिकतं, हे मला कुठं ठाऊक.

दसऱ्याला गावी गेले ती लॅपटॉप आणि बोंडांची वही घेऊनच, कारण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याला मला माझं संशोधन मांडायचं होतं. प्रबंध देण्याआधीची ही शेवटची पायरी. ती हुकली तर पुढची तारीख यायच्या आत माझी नोंदणीच संपत होती.

आमच्याकडे खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, अवजारं पुजतात. वखर, डवरं, विळे, फवारणीचा पंप, सगळं धुऊन ओळीनं मांडतात. मी आंघोळ करून आले तर त्या ओळीत माझा लॅपटॉप, झाकणावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मला इतकं कौतुक वाटलं की मी फोटो काढला.

"चालूच होता थो," मामाजी म्हणजे माझे सासरे म्हणाले. "अवजाराले एक दिवस तरी आराम द्यावा मानसानं. बटन दाबून धरलं, तवा कुठं बंद झाला."

मी हसत हसत उघडला. सिस्टीम सुरू झाली, पहिल्या दिवसासारखी कोरी. शनी होता, बोंडं नव्हती. सहकाऱ्याला फोन लावला.

"मॅडम, तुमी बसवून घेतली होती ना?" त्यानं विचारलं. आवडली तर बसवून घ्या, हे त्याचं वाक्य मला तेव्हा आठवलं.

मी मामाजींवर चिडले नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण चिडले, चांगली चिडले. विचारायचं तरी, असं म्हणून स्वयंपाकघरात जाऊन रडले. पूजेतलं अवजार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत उचलायचं नाही, हा त्या घरातला कडक नियम. विळा मागायला आलेल्या शेजाऱ्यालाही मामाजींनी एकदा परत पाठवलं होतं. थोड्या वेळानं तेच मामाजी लॅपटॉप छातीशी धरून दारात उभे राहिले.

"वही आन, सूनबाई. मी वाचतो, तू टाक."

आधी सहकाऱ्याला पुन्हा फोन करून सिस्टीम नीट बसवून घेतली. मग बसलो. पहिलं झाड, तेवीस. दुसरं, एकोणीस. त्यांना एकेका झाडाची ओळख होती, मध्येच थांबून त्याची गोष्ट सांगायचे. ती दुपार गेली, दसऱ्याची सकाळ गेली. सासूबाईंनी आधी चहा दिला, मग मामाजींचा आवाज बसत चालला तसं गरम पाणी.

"त्र्याहत्तरावं, अकरा."

"एकशे दहा असेल, मामाजी. नीट पाहा."

"एका झाडाले एकशे दहा बोंडं लागली असती तं मी इथं बसून आकडे वाचत राहिलो असतो काय?"

पहिल्या वेळी टाइप करताना अकरापुढं एक शून्य जास्त देऊन मीच माती खाल्ली होती. त्या एका झाडानं माझा आलेख वाकडा केला होता आणि मी त्या वाकडेपणावर जमिनीचा ओलावा, मातीचा पोत असं दीड पान लिहून ठेवलं होतं. ते तसंच अकोल्याला नेलं असतं तर सर्वांसमोर शोभा झाली असती.

अकोल्याला मामाजी सोबत आले. आकडे त्यांचे होते ना. माझी मांडणी मान्य झाली. मार्गदर्शक सरांनी आलेख दोनदा पाहिला, मग तो कशावर काढला ते विचारलं. मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना.

"पण एवढं काम फुकट कोण करतं, मॅडम?"

दार उघडं होतं. बाहेर बाकावर मामाजी बसले होते, गळ्याला मफलर, आवाज पार गेलेला, शिपायाला खुणेनं पाणी मागत होते.

"त्यांच्यासारखीच माणसं करत असतील, सर," मी बाहेर बघत म्हणाले. पुढं पडद्यावरचं आभाराचं पान वाचायचं होतं, पण डोळे इतके भरून आले की मला पडदाच दिसेना.