पाटीभर बातमी

आमच्या सत्यभामावहिनींना विचारल्याशिवाय पाटोद्यातल्या आमच्या गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, असं कुणी धरत नसे. मी त्यांचा धाकटा दीर, म्हणजे थट्टेचा परवाना मला त्या माप ओलांडून आल्या तेव्हाच मिळालेला. समोरच्या घरातली जैनबबी आणि वहिनी रोज आमच्या ओट्यावर मेथी निवडायला बसायच्या. जुडी संपायची, विषय संपायचा नाही.

दोन वर्षांमागं वहिनींचे कान गेले. विचारावं एक, त्यांनी सांगावं भलतंच, आणि पोरंटोरं खिदळायची. त्यांच्या मुलानं, शिवशंकरनं, कानात घालायचं यंत्र आणलं. ते मधूनच शिट्टी घालायचं. "ह्या वयात कानात शिट्ट्या? लोक काय म्हनतील!" म्हणत वहिनींनी ते साखरेच्या रिकाम्या डब्यात टाकलं. तो त्यांचा शेवटचा विनोद. पुढं त्या आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागल्या. जेवण दोन घासांवर आलं. डॉक्टर म्हणाले, काही आजार नाही.

जैनबबी मला म्हणाली, "भाऊ, आजार कसा सापडंल? भामाला बातमी मिळंना झालीय. अशानं मरंल ती."

मग तिनं नातीला कामाला लावलं. हुस्ना बारावीला. पहिलीपासून मराठी शाळेत शिकलेली, पण हातात पेन दिसेल तर शपथ. फोनवर अंगठे मात्र असे चालायचे, की शेंगा फोडतेय असं वाटावं. आम्ही वहिनींना धरून ओट्यावर आणलं. हुस्नानं फोनवर काहीतरी लिहून त्यांच्या डोळ्यांपुढं धरलं. वहिनी जुनी सातवी पास. छापील दिसेल ते वाचतील. पण पोरीची मराठी इंग्रजी अक्षरांत, तीही अर्धी गाळलेली.

"हे काय गं? मोटारीचा नंबर?"

म्हणून मी अंगणवाडीतून एक पाटी आणि खडू मागून आणला. हुस्नानं जीभ बाहेर काढून, कष्टानं लिहिलं, 'पलीकडच्या वनमालाबाईंची सून माहेरी गेली.'

वहिनींचे डोळे चमकले. किती दिवसांनी! "कशापायी गेली? कवा? भांडन कशावरनं झालं? वनमाला काय म्हनली?"

हुस्नानं लिहिलं, 'माहीत नाही,' आणि खाली एक गोल तोंड काढलं.

"तोंड काय काढतीस? एवढ्यासाठी उठवलं व्हय मला?" वहिनींनी पाटी बाजूला सारली आणि भिंतीला धरून त्या उठायला लागल्या.

"ती आत गेली तर पुन्हा भाईर यायची न्हाई," जैनबबी घाबरून म्हणाली. तिनं वहिनींचा पदर धरून ठेवला. "लिव बेटी. मी सांगते. वनमालानं जावयासाठी सीताफळाची रबडी केलती—"

"दादी, मुद्द्याचं सांग ना."

"रबडीच मुद्दा हाय! आन् सगळं लिव. भामाचे कान गेलेत, भूक न्हाई गेली."

हुस्ना लिहायला लागली. रबडी कुठल्या पातेल्यात होती, सून कितींदा फ्रिजकडं गेली, सासूनं फ्रिजला कुलूप कधी लावलं. 'जावई आला. वनमालाबाईंनी कुलूप काढून पातेलं उघडलं तर आत' इथं पाटी भरली. पोरगी पुसायला गेली तर वहिनींनी तिचं मनगट धरलं. "थांब, वाचू दे!" आणि लगेच, "आता पूस! पूस लवकर! काय होतं आत?"

हुस्ना त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली. फोनवर लिहिलेलं कुणी वाचलं, तर तिला फार तर दोन निळ्या खुणा दिसायच्या. पुढच्या ओळीसाठी मनगट धरणारं माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिलं. मग तिचा हात भराभर चालायला लागला. 'आत नुसत्या बिया! वनमालाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.'

जैनबबीला लिहिता येत नाही, वाचता मात्र येतं. ती म्हणाली, "कमरेवर हात? हे मी कवा सांगितलं?"

"न सांगता दिसतंय की, दादी."

'सून आधी घरच्या ग्रुपमधून बाहेर पडली आणि मग घरातून,' हुस्नानं लिहिलं. वहिनी पोट धरून हसल्या. मला हायसं वाटलं. पण ते फार टिकलं नाही, कारण बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. पाटीवरचं गुपचूप चाललेलं सगळं वहिनींनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं, "अगं बाई! वनमालानं फ्रिजाला कुलूप लावलं? रबडीसाठी?"

पलीकडचं दार धाडकन उघडलं. वनमालाबाई पदर खोचून आमच्या ओट्यावर! हुस्नानं ओढणीनं पाटी पुसून टाकली. फोनवरचं असतं तर एव्हाना बीडपर्यंत पोचलं असतं.

"काय लिवलंतं त्यावर?" वनमालाबाई गरजल्या.

मी मेथीची जुडी उचलली. जन्मात कधी निवडली नव्हती. वहिनींना काहीच ऐकू आलं नव्हतं. वनमालाबाई आलेल्या बघून त्यांचा चेहरा उजळला. "ये गं, वनमाला! बस. कुलूप केवढ्याचं घेतलंस?"

वनमालाबाईंनी मोठा श्वास घेतला. आता भडका उडणार, म्हणून मी डोळे मिटले. पण त्या मट्‌कन खाली बसल्या.

"सत्यभामाबाई, उगं कायबी ऐकू नगा. कुलूप मी न्हाई लावलं, माझ्या लेकानं लावलं! आन् सून काय रुसून न्हाई गेली. भावाचा साखरपुडा हाय तिच्या माहेरी, कडा गावाला, परवा माघारी येनार हाय."

वहिनींनी त्यांच्या हलत्या ओठांकडं बघितलं आणि पाटी हुस्नाच्या मांडीवर ठेवली. मग सरकून वनमालाबाईंना भिंतीजवळ जागा करून दिली.

"भावजी, चहा टाकायला सांगा. चार कप. न्हाई, तुमच्यासकट पाच. आन् वनमाला, दमानं सांग, पोरीला सगळं लिवायचंय."