झाराकाकूंची वाटी

झाराकाकू आमच्या दारात उभ्या राहत तेव्हा त्यांच्या हातात पिशवी नसे की छत्री नसे. काखेत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला लांब दांड्याचा झारा तेवढा असे. तेलातून चकल्या उपसायचा झारा घरोघरी असतो. आमच्याकडेही होता, आईच्या माहेरचा, चांगला जाड पितळी. काकूंनी त्याला कधी हात लावला नाही. "दुसऱ्याच्या झाऱ्यानं तळायला लागले, की माझा हात माझा राहत नाही," असं त्या म्हणायच्या. त्यांचं खरं नाव द्वारकाबाई होतं हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आमच्या आळीतली पोरं त्यांना झाराकाकू म्हणायची, आणि पोरांचं ऐकून मोठी माणसंही.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस त्या घरोघरी फराळ तळून देत. डोंबिवली तेव्हा लहान होती. आमची आळी आठ घरांची, सगळी भाडेकरू मंडळी, बहुतेक कोकणातून आलेली. आळीच्या टोकाला घरमालकांचं कौलारू घर आणि त्यामागे थेट कोपरच्या खाडीपर्यंत त्यांची शेतं. काकू राहायच्या रेल्वे फाटकाच्या पलीकडे एका खोलीत, एकट्याच. नवरा फार लवकर गेला होता. नातलग म्हणाल तर खडवलीला एक पुतण्या.

उंबरठ्यात चपला काढता काढता त्यांचा प्रश्न ठरलेला असे. "घरात तोंडं किती?" आई म्हणायची, "पाच." की त्या पाच तोंडांच्या हिशेबानेच पीठ भिजवत. तोंडामागे इतक्या चकल्या, इतके लाडू, इतक्या करंज्या. आळीत पाठवायच्या ताटांचं वेगळं. "अजून एक घाणा काढा ना काकू, तेल तापलंच आहे," असं कोणी म्हटलं तर त्या कढई खाली उतरवून ठेवत. "तेल तापलंय म्हणून पोट वाढत नाही, वहिनी." एका हौशी बाईंनी त्यांना न विचारता दुप्पट बेसन भाजून ठेवलं, तर काकूंनी निम्म्या बेसनाचे लाडू वळले आणि उरलेलं झाकून म्हणाल्या, "ह्याचं पिठलं करा."

स्वतः त्या काहीही चाखत नसत. मीठ बरोबर आहे का, हे वासावरून ओळखत, आणि चकली झाली हे तेलाचा आवाज कमी झाल्यावरून. आम्ही पोरं स्वयंपाकघराच्या दाराशी घोटाळत असू. पहिली चकली आपल्याला मिळावी म्हणून आमची धडपड असे. काकू मान न वळवता विचारत, "भाकरी खाल्लीत?" नसली खाल्ली, तर पाटावर बसवून भाकरी आणि मुळ्याच्या पाल्याची भाजी आधी संपवायला लावत, मग एक चकली. माझा धाकटा भाऊ एकदा कुरकुरला, "काकू, दिवाळीत कसली हो भाजी?" त्या म्हणाल्या, "का? दिवाळीत तुझी आतडी सुट्टीवर जातात?"

डबे भरून झाले, की माझं काम सुरू होई. काकूंना लिहिता येत नव्हतं आणि माझं अक्षर बरं होतं. त्या सांगत आणि मी चिठ्ठ्या लिहून डब्यांना चिकटवत असे. पहिल्या आंघोळीला चकली, लक्ष्मीपूजनाला लाडू, पाडव्याला चिवडा, भाऊबीजेला करंजी. एका दिवशी एकच डबा उघडायचा. मी शिस्तीची होते, त्यामुळे राखणदारीही माझ्याकडेच. पुढे आयुष्यभर मी डब्यांना चिठ्ठ्या लावत आले, त्यावरून तुम्ही नातवंडं मला हसता. ती सवय तिथली.

काकूंचं आणखी एक वाक्य होतं, ते मात्र त्या हसून म्हणत नसत. "एका घरचं तूप आणि एका घरचं बोलणं मी दुसऱ्या घरात नेत नाही." आठही घरांच्या चुलीपाशी त्या बसत. कुठल्या सुनेला सासू टोचून बोलते, कुणाचा मुलगा नापास झाला, सगळं त्यांच्या कानावर पडत असणार. पण त्यातला एक शब्दही दुसऱ्या दारी पोचला नाही.

आता तुमच्या पणजोबांविषयी, म्हणजे आम्हा मुलांच्या अण्णांविषयी. अण्णा खाणारे म्हणून आळीत प्रसिद्ध होते. पाडव्याला ते सगळ्यांच्या घरी जाऊन येत आणि प्रत्येक घरात त्यांच्या पुढ्यातलं ताट भरभरून असे. "अण्णांना दोन लाडू? अहो चार वाढा!" हे आठ घरांमधलं ठरलेलं वाक्य. अण्णांनाही त्याचा अभिमान होता. एका वर्षी श्रावणापासून ते वाळायला लागले. सारखी तहान, सारखा थकवा. डॉक्टरांनी काचेच्या नळीत औषध घालून लघवी उकळली, तर निळं औषध विटकरी झालं. साखरेचा आजार. गोड बंद.

अण्णांनी आईला बजावलं, "आळीत कुणाला सांगायचं नाही. लोक ताटापेक्षा माझ्या तोंडाकडे बघायला लागतील." आईला एकच उपाय सुचला. घरात यंदा काहीच करायचं नाही, म्हणजे समोर दिसायला नको. काकू आल्या तेव्हा आईने त्यांना आत बोलावून सगळं सांगितलं, कुणापाशी बोलणार नाही असं वचन घेतलं आणि काही न तळताच परत पाठवलं. काकू फडकं पुन्हा गुंडाळून निघून गेल्या. आम्हा तीन मुलांना आईने हळूच सांगितलं, फराळ शेजारी जाऊन खा, अण्णांसमोर नको.

आम्हाला वाटलं, आम्ही अण्णांना फार जपतो आहोत.

पाडव्याच्या दुपारी मी शेजारच्या घरी माजघरात बसून लाडू खात होते. ओसरीवर अण्णा बसले होते. त्यांच्या पुढ्यात ताट होतं. त्यांनी एक लाडू खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा उचलला आणि त्यांची माझी नजरानजर झाली. त्यांच्या हातात लाडू आणि माझ्याही हातात लाडू. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवली. घरी जाऊन आईला काही सांगितलं नाही.

त्याआधी दोनच दिवस एक झालं होतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे आंघोळ करून तुळशीपाशी कारीट फोडायचं असतं, ते तुम्ही फोटोत पाहिलं आहे. हिरवं, सुपारीएवढं, जहर कडू फळ. डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचं आणि त्याचं बी जिभेला लावायचं. त्या पहाटे कारटाबरोबर फुटक्या पणतीची कपची अण्णांच्या अंगठ्यात गेली. जखम लहानशी. पण ती भरेना. आठ घरचे लाडू रक्तात गेलेले. कार्तिक संपेपर्यंत अंगठा काळानिळा झाला आणि डॉक्टर आईला बाजूला घेऊन म्हणाले, आणखी पंधरा दिवस वाट पाहू, नाहीतर अंगठा काढावा लागेल. ते मी दाराआडून ऐकलं. तिसऱ्या लाडवाचं तोवर मी मनात ठेवलं होतं. त्या दिवशी रडत रडत आईला सांगून टाकलं. संक्रांतीच्या सुमाराला जखम भरली. अंगठा वाचला. पण आमच्या घरात तिळगूळ कुणाच्या घशाखाली उतरला नाही.

पुढच्या दिवाळीआधी काकू न बोलावता आल्या. चपला काढता काढता विचारलं, "घरात तोंडं किती?"

आई म्हणाली, "काकू, तुम्हाला माहीत आहे सगळं. आमच्याकडे आता नाहीच करायचं."

"तोंडं किती, ते विचारलं मी."

"पाच आहेत. पण ह्यांचं धरू नका."

"मग अण्णांनी कुठे जायचं?" काकू म्हणाल्या. "गेल्या साली घरात पान मांडलं नाहीत, म्हणून ते बाहेर जेवले. वहिनी, पथ्य एकट्या माणसाला पाळता येत नाही. एकट्यानं पाळलं की ती शिक्षा होते. घरानं पाळलं की ती नुसती घरची रीत."

मग त्यांनी रीत घालून दिली. पाचही तोंडांना तेच. आधी भाकरी, काळ्या वाटाण्यांची उसळ, काकडीची कोशिंबीर, ताकातले पोहे. "आमच्या गावी दिवाळी म्हणजे पोहेच होते, हे डबे इकडे आल्यावर पाहिले मी," असं म्हणून त्यांनी आमच्याकडे मोजून फराळ केला. जेवणानंतर प्रत्येकाला त्या दिवशीच्या डब्यातला एकच जिन्नस. लाडू आणि करंजीच्या दिवशी अण्णांना चकली, आणि त्या दोन दिवशी आम्हीही चकलीच घ्यायची, त्यांच्यासमोर. लाडू दुसऱ्या दिवशी शाळेच्या डब्यात. धाकट्याने तोंड वाकडं केलं. काकूंनी झारा दाखवला, तो गप्प बसला.

घरचं जमलं. पाडव्याचं काय? आठ घरं, आठ ताटं, आणि अण्णा अजून कुणाला सांगायला तयार नव्हते. आई अगतिक होऊन म्हणाली, "काकू, तुम्ही सगळीकडे जाता. तुम्हीच हळूच सांगाल का?" काकूंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आईनेच मान खाली घातली. "ते माझ्याच्यानं व्हायचं नाही," त्या म्हणाल्या आणि झारा पुसायला लागल्या.

पाडव्याला अण्णा मला घेऊन निघाले. मला वाटतं, मी बरोबर असले तर हात आवरेल, म्हणून. पहिल्या घरी बसलो, तर ताटाच्या आधी हातात वाटी आली. काकडीची कोशिंबीर आणि मटकीची उसळ. नंतरच्या ताटात चिवडा, एक चकली, एकच लाडू. अण्णांनी लाडू तसाच ठेवला. वाटीने पोट भरलं, असं सांगून उठले. वाटी रिकामी होती, त्यामुळे आग्रहालाही जागा उरली नव्हती. दुसऱ्या घरी पुन्हा आधी वाटी. तिसऱ्या घरीही. त्या घरच्या बाई ओशाळून म्हणाल्या, "हसू नका हं अण्णा. झाराकाकू हट्टालाच पेटल्या. म्हणाल्या, पाडव्याला पाहुण्याला आधी वाटी देणार असाल तर तळते, नाहीतर निघाले. लोक कंजूष म्हणतील म्हटलं, तर म्हणाल्या, माझं नाव सांगा."

अण्णा उठून निघाले. रस्त्याने चालताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

चौथं घर मालकांचं. मालकीणबाईंच्या शेतातल्याच काकड्या त्या दिवशी आळीभर गेल्या होत्या. पडवीत आधीच दोघेतिघे बसलेले, त्यांत आमचे पोस्टमास्तरही होते. मालकीणबाईंनी वाटी पुढे केली. "आधी काकरी खावा, भाऊ. तुमची झारावाली सांगून गेली. का, ते काय बोलली नाय."

अण्णांनी वाटी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. मग म्हणाले, "का ते मी सांगतो. मला साखरेचा आजार आहे. गेल्या साली अंगठा जायचा होता माझा."

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाय! मंग आधी का नाय बोल्लाव? आमी आपले लारू वाढतोय, लारू वाढतोय!"

तेवढ्यात पोस्टमास्तरांनी आपल्या ताटातला लाडू उचलून हलकेच परातीत परत ठेवला. "मलाही आहे," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. आमच्या हिलाच काय ते ठाऊक."

अण्णा मोठ्याने हसले. वर्षभरात ते असे हसले नव्हते.

संध्याकाळी ते मला घेऊन फाटकापलीकडे गेले. काकू दारात बसून झारा राखेने घासत होत्या. अण्णा म्हणाले, "शेवटी सांगितलंतच ना हो आळीला?"

"मी?" काकू म्हणाल्या. "मी फक्त काकडी चिरायला सांगितली."

त्या पाडव्यापासून आमच्या आळीत आधी वाटी ही रीतच पडली. नवे भाडेकरू आले, त्यांनीही कारण न विचारता उचलली. अण्णा त्यानंतर सव्वीस दिवाळ्या जगले, दोन्ही अंगठे शाबूत ठेवून. कारीट मात्र ते पायताण घालून फोडत, आणि काकूंच्या नावाने कडू बी दोनदा जिभेला लावत.

मी कॉलेजात गेले त्या सुमाराला काकूंचा हात थरथरायला लागला. गरम तेलाशी तो हात चालणार नव्हता. एका दसऱ्यानंतर त्या पुतण्याकडे खडवलीला गेल्या. निरोप घ्यायला आठही घरी गेल्या, प्रत्येक घरी पाणी तेवढं प्यायल्या.

त्याच वर्षी भाऊबीजेनंतर मी आणि अण्णा त्यांना भेटायला गेलो. मी स्वतः तळलेल्या चकल्या नेल्या होत्या. त्यांनी एक हातात घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "मीठ किंचित कमी." मग मोडून तुकडा तोंडात टाकला. त्यांना काही खाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. झारा भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता, फडक्याशिवाय.

पुतण्याची बायको फराळाचं ताट घेऊन बाहेर आली. काकूंनी तिला हाताने थांबवलं, आत गेल्या, आणि त्या थरथरत्या हातांनी दोन वाट्या घेऊन आल्या. एक अण्णांपुढे, एक माझ्यापुढे. मी म्हटलं, "काकू, अण्णांचं ठीक आहे. मला काही झालेलं नाही."

"तुला झालंय की नाही, ते मी विचारलं का?" काकू म्हणाल्या. "विचारायचं नसतं, पोरी. सगळ्यांपुढे वाटी ठेवायची. ज्याला हवी असते, त्याला मग मागावी लागत नाही."