दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं

आमच्या शशीकाकांनी स्वतःच्या अंत्यसंस्काराला भर सभेत हरकत घेतली, असं बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळींत अजून बोललं जातं. ते खरं नाही. काका शांतच होते. हरकत माझ्यामुळे घेतली गेली.

काका भूलतज्ज्ञ. सत्तरच्या दशकात पुण्याहून बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात आले, ते एक सूटकेस, नवी बायको आणि एक रॉकची रेकॉर्ड घेऊन. (काकू म्हणायच्या, "या क्रमाने नाही. रेकॉर्ड आधी!") बँड इंग्रजांचा, पण रेकॉर्ड भारतात छापलेली आणि लक्ष्मी रोडवर घेतलेली. दिवसभर लोकांना झोपवून घरी आले की काका ती लावायचे आणि स्वतः जागे व्हायचे. त्यातल्या एका गाण्यावर त्यांचा फार जीव. त्याचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. 'दुसऱ्या बाजूचं पहिलं' एवढंच म्हणायचे. नुसती गिटार, अगदी हळू, घरात कोणी निजलेलं असताना दबक्या पावलांनी चालावं तशी.

आजारपणात शेवटी शेवटी मी रीडिंग शहराहून त्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"सुहास, मला नेताना ते लाव. दुसऱ्या बाजूचं पहिलं."

"काका, असं काय बोलताय!"

"बोलतोय ते ऐक. काकूला सांगितलं तर ती अभंग लावेल. अभंग चांगलेच असतात रे. पण मला ते हवंय."

मी या देशात आलो तेव्हा काकांच्या घरी राहिलो होतो. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला त्यांचाच कोट घालून गेलो होतो, बाह्या लांब होत्या म्हणून काकूंनी आतून टाके घातले होते. एवढ्या वर्षांत काकांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे मागितलं. मी शब्द दिला.

मार्चमध्ये काका गेले. त्यांची मुलगी मीरा इथेच जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकवणारी. तिने फोनवर विचारलं, "दादा, क्रिमेटोरियममध्ये रेकॉर्ड चालत नाही. ओन्ली कॅसेट ऑर सीडी. मग बाबांचा म्युझिक कसा करायचा?"

"ते माझ्यावर सोड," मी म्हणालो. "तुम्ही दोघी फक्त रडा."

आमच्या घराण्यात रॉकमधला जाणकार म्हणून मला मान होता. (तो मुख्यतः मीच देत असे.) घरात सीड्यांची एक आख्खी भिंत होती. त्या भिंतीत नेमकी काकांच्या अल्बमची सीडी नव्हती, इतका तो जुना. रीडिंगच्या दुकानदाराने ती मागवली आणि अंत्यसंस्काराच्याच दिवशी सकाळी माझ्या हातात पडली. मी विचारलं, "एलपीच्या दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं यावर कितवं?" पिकल्या केसांची शेपटी बांधलेल्या त्या दुकानदाराने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "सहावं." मी कव्हर पाहिलं. तुरुंगाचं गंजलेलं दार. काकांच्या रेकॉर्डवर सूर्यास्त होता आणि तळ्यात दोन हंस. मला वाटलं, नवं कव्हर काढलं असेल. जाणकार माणसाला असं पटकन वाटतं.

माझ्या गाडीत फक्त कॅसेट वाजायची. तेव्हा सीडी शेजारच्या सीटवर ठेवून, तिला पट्टासुद्धा लावून, मी मोटरवेने बर्मिंगहॅमला पोचलो. क्रिमेटोरियमच्या चॅपलच्या दारात मीरा उभी होती, डोळे सुजलेले.

"दादा, ऐकून बघितलास ना?"

"अगं, गाणं ते गाणं! देश बदलला की गाणं बदलतं का?"

मी सीडी तिथल्या काळ्या कोटवाल्या माणसाकडे दिली, सहावा नंबर दोनदा सांगितला आणि पुढच्या रांगेत जाऊन गंभीर चेहऱ्याने बसलो.

एका बाजूला मराठी मंडळी, दुसऱ्या बाजूला हॉस्पिटलचे लोक. काकांबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले एक म्हातारे सर्जन काठी टेकत आले होते. गुरुजी एरवी बँकेत नोकरीला. त्यांनी मंत्र आटोपशीर म्हटले, कारण बाहेर पुढची अंत्ययात्रा थांबली होती. काकूंनी फुलं वाहिली. त्यांचा हात शवपेटीवरून निघेना, मीराने तो हळूच उचलून घेतला. मी मागे वळून खूण केली. पेटीला झाकणारा पडदा सरकू लागला. बटण दाबलं गेलं.

आधी एक लोखंडी दार आपटलं. मग बुटांची खाडखाड. मग कोणीतरी लाकडावर मुठी आपटायला लागलं. धाड! धाड! धाड!

सगळ्यांनी पेटीकडे पाहिलं.

आणि एका घोगऱ्या पुरुषी आवाजाने चॅपल हादरलं, "यू हॅव गॉट द राँग मॅन!"

गुरुजींच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "सुहासराव, पेटीत कोण आहे ते कोणी बघितलंय ना?"

"दादा!" मीराने माझं कोपर धरलं. "हा बाबांची गाणं नाहीये!"

"मला कळतंय गं!"

"मग बंद कर ना!"

मी काळ्या कोटवाल्याला हाताने 'पुढे, पुढे' केलं. त्याने पुढचं लावलं. तिथे ड्रम असे कोसळले की समोरच्या फुलदाण्या थरथरल्या. मी 'मागे, मागे' केलं. तो बिचारा आज्ञाधारक. सहाव्याच्याही मागे गेला. पाचव्यात कोर्ट भरलं होतं. न्यायाधीशाचा हातोडा पडला आणि पन्नासएक माणसं एका सुरात ओरडली, "गिल्टी!"

मी दोन्ही हात वर केले. (नंतर मीरा म्हणाली, लोकांना वाटलं मी शरण आलो.) गाणं थांबलं. घाबरून त्या माणसाने पडदाही थांबवला. पेटी अर्धी दिसत होती, अर्धी नाही. मला काकांचा हात आठवला, आणि मी तसाच रांगेच्या मध्ये उभा होतो. काय करावं ते मला खरंच कळत नव्हतं.

मग काकू उठल्या.

त्यांना ही गाणी कधी आवडली नाहीत. काकांनी रेकॉर्ड लावली की त्या स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. पण बंद दारातूनही तेवढी वर्षं ते ऐकू येतच होतं. काकू पेटीकडे बघत उभ्या राहिल्या आणि गुणगुणायला लागल्या. शब्द त्यांना येत नव्हते. नुसता सूर होता, थोडा भावगीतासारखा झालेला, पण तोच. दुसऱ्या बाजूचं पहिलं. मीराने सूर धरला. गुरुजींनी कशाला ते न कळता हात जोडले. पडदा पुन्हा हलला आणि काका गेले.

बाहेर म्हातारे सर्जन माझा हात दाबून म्हणाले, "वंडरफुल. सो लाइक हिम!" त्यांच्या मागे दोन नर्स डोळे पुसत हसत होत्या. सगळ्या इंग्रज मंडळींना ती काकांनी स्वतः निवडलेली शेवटची गंमत वाटली होती. मी नम्रपणे मान झुकवली.

घरी आल्यावर मीराने काकांची रेकॉर्ड काढली आणि आम्ही ती सीडीशेजारी ठेवली. बँड तोच, अल्बमचं नाव तेच, बाकी सगळा वेगळा संसार. मूळ अल्बम होता खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेल्या माणसाची सलग गोष्ट: अटक, कोर्ट, तुरुंग. पण तेव्हा या कंपन्या परदेशी माल पाठवताना तिथल्या गिऱ्हाइकाचा अंदाज बांधायच्या. कुठे कव्हर बदल, कुठे गाणी खालीवर कर, कुठे लांब गाणं मध्येच विरवून टाक. भारतीयांना तुरुंग नको, प्रेम हवं, असं कोणाला तरी वाटलं असावं. त्याने कोर्ट काढलं, तुरुंगाचं दार काढलं, आणि त्या जागी बँडचं भलतंच, कुठल्याच अल्बमवर नसलेलं एक हळुवार गाणं घातलं. वर दोन हंस. माझ्या सीडीवर ते गाणं नव्हतंच. मी काळ्या कोटवाल्याला संध्याकाळपर्यंत मागेपुढे केलं असतं तरी सापडलं नसतं.

"पण काका इथे एवढी वर्षं राहिले," मी म्हणालो. "त्यांनी इथली रेकॉर्ड कधी ऐकलीच नाही?"

"आणली होती की एकदा," काकू चहा गाळत म्हणाल्या. "एक बाजू ऐकली आणि दुकानात परत करून आले. म्हणाले, या इंग्रजांनी चुकीची छापलीय!"

"काकू! तुम्हाला हे माहीत होतं?"

"तू विचारलंस का?"

मीरा पहिल्यांदा हसली, मग हसता हसता रडली. आम्ही रेकॉर्ड लावली. गिटार सुरू झाली आणि काकू स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. काकांच्या खुर्चीशेजारी चहा घेऊन बसल्या, गाणं संपेपर्यंत. चहा गार झाला.

निघताना मी वाकून नमस्कार केला. म्हटलं, "काकू, चुकलंच माझं. पण तुम्हाला काहीही लागलं, कधीही, तर मला सांगा. मी आहे."

काकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"सांगते ना. माझ्या वेळी तू बाहेर थांब हो बाळा, आणि लोकांच्या गाड्या नीट लावून घे."