देव्हाऱ्यातला हिरवा फोटो

ही केस निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. खून, दरोडे, अपघात सगळे पाहिले; पण आरोपीचे बोलणे ऐकून जबाब लिहिणारा हात थांबला, तो एकदाच. यात मी कोणाचे नाव देणार नाही.

मी तेव्हा पिंपरी-चिंचवडमधल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून आदल्या दिवसाची स्टेशन डायरी वाचत असताना चिखलीतला एक मेकॅनिक भेटायला आला. फ्रिज-एसी दुरुस्त करणारा चाळिशीचा मुसलमान गृहस्थ, ठाण्याची पायरी आयुष्यात पहिल्यांदा चढलेला. पिंपळे गुरवमधल्या एका खासगी दवाखान्यात तो फ्रिजच्या कामाला गेला होता. तिथे मणका दुखावलेल्या रुग्णांना स्टेम सेलची इंजेक्शने देत. स्टेम सेल म्हणजे अशा मूळ पेशी, ज्यांच्यापासून शरीरातल्या दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात. त्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, कडाक्याच्या थंडीत जिवंत ठेवतो, असे दवाखान्याच्या भिंतीवर लिहिले होते.

"साहेब, टाकी बाजूला सरकवायला गेलो तर एकदम हलकी. आत जाळी झालीत कोळ्याची. बाटल्या साध्या फ्रिजमध्ये, जेवणाच्या डब्याशेजारी. माझ्या मेहुण्याला तिथंच न्यायचं चाललंय, म्हणून आलो."

औषध निरीक्षक आणि दोन पंच घेऊन आम्ही छापा टाकला. डॉक्टर पन्नाशीचे, शांत स्वभावाचे. पेशी तयार करण्याचे काम त्यांचा लॅब टेक्निशियन पाहायचा. फ्रिजमधल्या कुप्या फक्त वापराआधी थोडा वेळ काढून ठेवल्या होत्या, असे त्याने ठासून सांगितले. आम्ही चार कुप्या जप्त केल्या, पंचनामा केला, लाखेचे सील मारले आणि नेहमीच्या पद्धतीने मुद्देमाल खोलीत ठेवून दिल्या. तीन दिवसांनी त्या एका संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञ बाईंकडे पाठवल्या.

बाईंनी पार्सल उघडलेच नाही. मला फोन करून विचारले, एवढे दिवस हे कुठे होते? मी मुद्देमाल खोलीचे सांगितले. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात बंद खोलीत ठेवल्यावर खऱ्या पेशीही मेल्या असत्या. आता काहीही निष्कर्ष काढला तरी आरोपी म्हणेल, पोलिसांनी मारल्या. टेक्निशियन नेमके तेच म्हणाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत चाकू, कपडे, मोटारसायकली मी याच खोलीत ठेवत आलो होतो. जप्त केलेला पुरावा जिवंत असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. चूक माझी होती. अटक करण्याइतके हातात काही नव्हते आणि दवाखाना चालूच राहिला.

मार्ग सापडला तो आमच्या महिला हवालदारामुळे. छाप्यात आम्ही रुग्णांच्या फाइलीही जप्त केल्या होत्या; त्या ती चाळत होती. प्रत्येक फाइलमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या चमकणाऱ्या पेशींचा एक फोटो होता. खाली लिहिले होते, 'आपल्या पेशी जिवंत आहेत'. तिने दोन फोटो शेजारी ठेवले, एक उलटा फिरवला आणि मला हाक मारली. तोच फोटो होता. मग आम्ही सगळ्या फाइली उघडल्या. सगळ्यांत तोच, फक्त कुठे आडवा, कुठे उलटा.

त्यातली एक फाइल निघोजेच्या तरुणाची होती. चाकणला कंपनीत कामाला होता. शिफ्ट संपवून येताना मोटारसायकल घसरली आणि कमरेखालचे अंग गेले. आम्ही घरी गेलो तेव्हा तो तापाने पडला होता. गेल्या इंजेक्शनपासून ताप हटत नव्हता. आईला डॉक्टरांविरुद्ध एक शब्द बोलायचा नव्हता. तिने आम्हाला देव्हाऱ्यापाशी नेले. देवांच्या शेजारी तो हिरवा फोटो चौकटीत ठेवला होता, त्याला कुंकू लावलेले होते.

"लेकाच्या पेशी हायेत ह्या," ती म्हणाली. "जित्या हायेत."

हवालदाराने दुसऱ्या रुग्णाच्या फाइलमधला फोटो काढून देव्हाऱ्याजवळ धरला. आईने दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. मग खाली बसली. म्हणाली, "पुढची सुई सोमवारी हाय. मी काय करू ते सांगा."

सोमवारी ती मुलाला घेऊन गेली. टेक्निशियनने कुपी बाहेर आणताच आम्ही आत शिरलो. या वेळी शास्त्रज्ञ बाई स्वतः बरोबर होत्या. कुपीचे तापमान नोंदवून, पंचांसमोर सील करून ती त्यांच्या खास थंड पेटीत गेली आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोचली.

तिथे बाईंनी मला समजेल असे सांगितले. जिवंत स्टेम सेलमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, भरपूर असते. त्यांच्या चाचणीतल्या रंगाला जोवर फॉस्फेटचा तुकडा जोडलेला असतो, तोवर तो चमकत नाही. पेशीतले विकर तो तुकडा तोडते आणि पेशी हिरवी उजळते. दवाखान्यातला फोटो अशाच कुठल्या तरी चाचणीचा होता. आधी त्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या पेशी दाखवल्या. हिरव्यागार. मग आमचा नमुना ठेवला. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. काळोख. बाईंनी जागा बदलून बदलून पाहिले, दुसऱ्या पद्धतीने जिवंतपणाची चाचणीही घेतली. एकही पेशी जिवंत नव्हती. साध्या उजेडात मात्र मेलेल्या पेशींचे तुकडे तरंगताना दिसत होते. ते कशाचे, हा प्रश्न उरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेक्निशियनला समोर बसवले. आवाज चढवला नाही. फोटोंचा गठ्ठा आणि बाईंचा अहवाल टेबलावर ठेवला. त्याने अहवाल पूर्ण वाचला, पाणी मागितले आणि बोलू लागला. नुसते सलाइन दिले तर ते पाण्यासारखे दिसते, नातेवाईक शंका घेतात. म्हणून तो त्यात तपासणीसाठी काढलेले दुसऱ्या रुग्णांचे उरलेले रक्त मिसळायचा.

"थोडं गढूळ दिसलं की लोकांना बरं वाटतं," तो म्हणाला. डबा कसा भरतो ते सांगावे, तसा सहज.

तिथे माझा हात थांबला. हवालदार उठून बाहेर गेली.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून कुपीची डीएनए तपासणी केली. रक्त निघाले ते त्या तरुणाचे नव्हे, दुसऱ्याच कुणाचे. हे डॉक्टरांना सांगितले. इतक्या वर्षांत आपण मायक्रोस्कोपमधून एकदाही पाहिले नाही, एवढेच ते पुटपुटले. टेक्निशियनकडून फोटो येत होता, त्यांनी तो पुढे दिला होता. सगळ्या रुग्णांना बोलावून रक्त तपासले. काहींना रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लागण झाली होती. निघोजेचा तरुण त्यांतलाच. अनेक महिन्यांच्या उपचारांनी त्याचा जीव वाचला. पायांत बळ मात्र आले नाही. खटल्यात दोघांनाही शिक्षा झाली.

या केसने मला माझ्या सवयींची भीती बाळगायला शिकवले. मी मुद्देमाल न बघता खोलीत ठेवला, डॉक्टरांनी फोटो न बघता पुढे दिला. माझ्या चुकीमुळे तो दवाखाना आणखी काही दिवस चालला आणि त्या दिवसांत किती सुया टोचल्या गेल्या, हे मी फाइलीतून मोजले आहे. तो आकडा मी कोणाला सांगत नाही.

साक्ष द्यायला कोर्टात गेलो, तेव्हा ती आई व्हरांड्यात भेटली. तिने विचारले, "साहेब, त्या सुयांत काहीच नव्हतं, तर पयल्या सुईनंतर त्याच्या पायाचा अंगठा हालला तो कसा? मी डोळ्यांनी पायला."

मी म्हणालो, "मला माहीत नाही, मावशी."

ती म्हणाली, "एवढ्या दिसांत 'माहीत न्हाई' म्हणणारे तुमीच पयले."