तोंड उपाशी

२१ एप्रिल. पावसाळ्यासाठीचे खारे बांगडे गच्चीवर उलटत होते. सावलीत खुर्ची टाकून सासूबाई कावळे हाकत होत्या. पायांना सूज, म्हणून डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. महिनाभर बिनमिठाची पेज चाललीय. हल्ली दोन घास घेऊन वाटी सारतात. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात.

"एक तुकडो भाज गो," त्या म्हणाल्या. "पोट भरता, पण तोंड उपाशी रव्हता."

मी नाही म्हटलं. नाही म्हणायला मीच असते.

दुपारी धाकटे दीर जेवायला बसले. सुट्टीला मुंबईहून आलेत. सकाळी घावणे, मग फणसाचे गरे, आता तळलेली सुरमई. पलीकडे सासूबाईंनी पेजेची वाटी सारली, तसे भावजी तोंडातला काटा काढत म्हणाले, "आये, ह्या वयात जिभेचे चोचले कसले? गप पेज खा."

माझं डोकंच फिरलं.

"भावजी, तुमका आता भूक लागली हा?"

ते हसले. "भूक कसली, वैनी? इल्यापास्ना खातंयच. पण ही चव मुंबयत खंय गावता?"

"म्हणजे तोंडाक होया म्हणान खातास. मग आयच्या तोंडान काय घोडा मारल्यान?"

नवऱ्याने आणखी भात वाढून घेतला. दिरांनी सोलकढी मागितली. मी भांडं त्यांच्यापुढे आदळलं.

भुकेपुरतं कोण जेवतं या घरात? पोट भरल्यावर आंबा कापतात, चहासोबत खाजं लागतं. त्याला हौस म्हणायचं. म्हातारीने चव मागितली की चोचले. आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, तिखट-आंबट नव्हे. बिनचवीची पेज हा आमचा आळस. रांधणारी मी, म्हणजे त्यात मीही आले. त्याचाही राग आला.

२२ एप्रिल. सकाळी बंदरावरून पेडव्यांची ताजी मासळी आणली. मिरची वाटली, कैरी किसली, तिरफळं ठेचून टाकली आणि मातीच्या भांड्यात दाट तिखलं केलं. मिठाचा कण नाही. सासूबाईंनी बोट चाटलं. "मीठ घालूक इसारलंस," म्हणून कुरकुरल्या आणि तिखल्याबरोबर पेज संपवून आणखी मागितली.

भावजींपुढे मी नुसती पेज ठेवली. बिनमिठाची.