बेल्टवरचे पांढरे ठिपके

‘टायमिंग बेल्ट’ हे शब्द कानावर पडले, की माझ्या डोळ्यांसमोर अजूनही एक दुधाचा टेम्पोवाला उभा राहतो. खरं तर त्या बेल्टचा आणि त्याच्या टेम्पोचा काडीचाही संबंध नव्हता. पण तो बेल्ट माझ्या हाती लागला नसता, तर एका माणसाच्या मृत्यूचा ठपका घेऊन तो जन्मभर फिरला असता.

तेव्हा मी नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. कर्जतच्या बाजूला माळरान लांबच लांब पसरलेलं आहे आणि रस्ता सरळसोट. असा रस्ता दिसला की काही लोकांच्या उजव्या पायाला खाज सुटते. एका संध्याकाळी मोपेडवरून घरी निघालेल्या एका निवृत्त शिक्षकांना कुठल्याशा वाहनाने मागून उडवलं आणि ते वाहन निघून गेलं. थोड्या वेळाने त्याच रस्त्याने दुधाचा टेम्पो आला. टेम्पोवाल्याने शिक्षकांना पडलेलं पाहिलं, दुधाचे कॅन बाजूला सारून त्यांना आत घेतलं आणि थेट दवाखान्यात आणलं. शिक्षक शुद्धीवर न येताच गेले. नातेवाइकांना दिसलं ते टेम्पोतलं रक्त आणि टेम्पोच्या तोंडाला पडलेला जुना पोचा. त्यांनी टेम्पोवाल्याला दवाखान्याच्या आवारातच धरून चोपलं आणि फिर्यादही त्याच्याच विरुद्ध दिली.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्यातल्या बाकावर बसला होता. एक डोळा पार मिटलेला. टेम्पो आवारात जप्त. डेअरीने त्याच्या जागी दुसरा माणूस लावल्याचा निरोपही येऊन पोचला होता. त्याची बायको दाराशी उभी होती, बसा म्हटलं तरी बसत नव्हती.

“साहेब, म्या त्यास्नी उचललं, उडवलं न्हाई,” एवढंच तो परत परत सांगत होता. “उडवलं असतं तर थांबलो असतो का वो?”

असं बोलणारे आरोपी मी पुष्कळ पाहिले. पण खोटं बोलणारा सहसा एका वाक्यावर थांबत नाही. तुमचा चेहरा बघून तो गोष्ट वाढवत नेतो. हा गडी काहीच वाढवत नव्हता. शिवाय घटनास्थळाचा पंचनामा मी स्वतः केला होता. मोपेडला धडक बसली होती ती अगदी खाली, आणि टेम्पोचं बंपर त्याच्या कितीतरी वर येत होतं. रस्त्याच्या कडेला काळ्या चकचकीत प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा सापडला होता. टेम्पोच्या तोंडाला प्लास्टिक औषधालासुद्धा नव्हतं, सगळा पत्रा आणि तो बांधायला तार. उडवणारी गाडी बुटकी होती आणि महागाची होती, याबद्दल माझी खात्री पटली होती. पण माझी खात्री कोर्टात चालत नाही.

गावातली वजनदार मंडळी केबिनमध्ये येऊन बसली. “टेम्पोवाल्याची अटक कधी दाखवताय?” असं त्यांनी विचारलं.

“ज्याने केलंय त्याची दाखवतो,” मी म्हणालो. ते त्यांना आवडलं नाही. वरिष्ठ कार्यालयातूनही फोन आला. तो मी शांतपणे ऐकून घेतला.

खबर आली केडगावहून. माझा तिथला खबऱ्या गॅरेजांच्या ओळीसमोर चहा विकायचा. “साहेब, समोरच्या गॅरेजात लाल बुटकी गाडी आलीया,” तो म्हणाला. “आली तवा चालत आली, तोंडाला चादर बांधून. आन आता म्हनत्यात बंद हाय. माझं नाव मातर कुटं घिऊ नका.” ते मी आजही घेत नाही.

गॅरेजमध्ये ती स्पोर्ट्स कार बॉनेट उघडून उभी होती. मालक देवळाली प्रवराकडचा, बागायतदार घरातला तरुण. आम्ही पोचण्याआधीच तो तिथे हजर होता, ही गोष्ट मी मनात टिपून ठेवली. पुढचं बंपर कोरं करकरीत होतं.

“जुनं खड्ड्यात आपटून फुटलं,” तो हसत म्हणाला. “आणि साहेब, गाडी त्या अपघाताच्या आधीपासून बंद आहे. टायमिंग बेल्ट तुटला, टो करून आणली. बंद गाडी कुणाला उडवणार?”

गॅरेजचा मिस्त्री पन्नाशीचा, परदेशी गाड्यांसाठी जिल्ह्यात नावाजलेला. त्याने तुटका बेल्ट आणून समोर धरला. दोन्ही टोकांना दोरे लोंबत होते. “चालू गाडीत तुटला साहेब. आतलं व्हॉल्व्ह वाकलं असत्याल. लई मोटं काम हाय.” हे सांगताना त्याची नजर माझ्याकडे नव्हती, इंजिनाकडे होती.

त्या दोघांनी मला वर्दीतला अडाणी समजलं, तिथेच त्यांचं गणित चुकलं. पोलीस खात्याच्या मोटार परिवहन विभागात मी काही काळ काढला होता. लोक त्याला शिक्षेची पोस्टिंग म्हणायचे. मी मात्र तिथे खुशाल हात काळे करून घेतले. टायमिंग बेल्टचं काम एकच, इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग एका तालात फिरवायचे. अशा गाडीत तो चालताना तुटला की ताल सुटतो, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाची वाट लागते. मग हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलावे लागतात. बेल्ट धडधाकट असताना बदलायचा असेल, तर चांगला मिस्त्री तो काढण्याआधी पुलीवर आणि बेल्टवर समोरासमोर पांढऱ्या रंगाचे ठिपके देतो. नवा बेल्ट त्याच खुणांवर चढवला की ताल चुकत नाही.

मी वाकून पाहिलं. पुल्यांवर पांढरे ठिपके होते. मग हातातला बेल्ट उलटा केला. त्यावरही ठिपके होते. बेल्ट पुल्यांवर धरून पाहिला, तर ठिपक्यासमोर ठिपका आला.

“मिस्त्री, हे कुणी दिले?”

“म्याच,” तो सहज बोलून गेला. “सवयच हाय.”

“म्हणजे तुम्ही बेल्ट काढलात तेव्हा तो अखंड होता. रस्त्यात तुटलेल्या बेल्टवर खूण कशासाठी करायची?”

मालक घाईघाईने म्हणाला, “मागच्या वेळचे असतील.” मी नख लावलं. रंग नखात आला. त्यावर धुळीचा कणही नव्हता.

दोघांची एकत्र चौकशी करायची नाही, हा साधा नियम आहे. मालकाला मी हवालदारासोबत बाहेर चहाला पाठवलं. मिस्त्रीला स्टुलावर बसवलं आणि स्वतः टायरवर बसलो.

“तुम्हाला काय सांगितलं त्याने?”

त्याने चिंधी घेऊन हात पुसायला सुरुवात केली. मग म्हणाला, “काळवीट आडवं आलं म्हनला ह्यो गाडीवाला भाऊ. वनखात्याची केस हुईल, लई बोंबाबोंब हुईल, तवा गाडी आधीच बंद हुती आसं सांग. बेल्ट बदलायचाच हुता, नवा आनून ठिवला हुता. म्या जुना काढला, कापला, आन टोकं कानशीनं पिंजली.”

आमच्याकडच्या माळावर काळवीट आडवं येणं नवलाचं नाही. म्हणूनच ही थाप खपली.

“काळवीट नव्हतं, मिस्त्री. शाळामास्तर होते. गेले ते. आणि त्यांना उचलून दवाखान्यात नेणारा माणूस मार खाऊन माझ्या ठाण्यात बसलाय. त्याच्यावर नाव येतंय.”

मिस्त्रीचे हात थांबले. “मास्तर?” त्याने विचारलं. मग इंजिनाकडे बोट करून म्हणाला, “भाऊ तर म्हनत हुता, व्हॉल्व्ह बी वाकवून ठेव, म्हंजी कुनाला सौंशय न्हाई येनार. माझा जीव झाला न्हाई साहेब. चांगलं इंजिन हाय.”

मला संताप आला, आणि त्याच वेळी त्या मिस्त्रीबद्दल आदरही वाटला. “चांगला माणूसही आहे तो टेम्पोवाला,” मी म्हणालो. “चढवा नवा बेल्ट.”

पंच बोलावले, मोटार वाहन निरीक्षकांना आणवलं. सगळ्यांसमोर मिस्त्रीने नवा बेल्ट त्याच ठिपक्यांवर चढवला, ताण दिला आणि पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहिलं. कुठेही अडलं नाही. मग किल्ली फिरवली. रस्त्यात बेल्ट तुटून निकामी झालेलं ते इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. बाहेर बसलेल्या मालकाने तो आवाज ऐकला आणि हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला.

जुनं बंपर त्याच्या वस्तीवर उसाच्या पाचटाखाली सापडलं. जाळीचा तुकडा त्यात चपखल बसला. मालकाला अटक झाली. पुरावा लपवल्याबद्दल मिस्त्रीवरही गुन्हा लागला, पण त्याने आपला जबाब कोर्टात शेवटपर्यंत फिरवला नाही. तेव्हापासून चौकशीत मी माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या हाताच्या सवयीकडे जास्त लक्ष देत आलो. नव्या पोरांनाही तेच शिकवलं.

टेम्पो परत देताना मी शिक्षकांच्या मुलाला मुद्दाम ठाण्यात बोलावलं. त्याने टेम्पोवाल्याचे हात धरले. तो गेल्यावर टेम्पोवाल्याने मला विचारलं, “साहेब, परत कोन रस्त्यात पडलेलं दिसलं, तर थांबू का नगं?”

“न्हाई थांबायचं,” त्याची बायको मागून ठामपणे म्हणाली.

“थांबा,” मी म्हणालो, “आणि मला फोन करा.” माझा नंबर दिला. तिने तोंड फिरवलं. तिचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही.

निवृत्तीनंतर एका सकाळी मी अंगणात झाडांना पाणी घालत होतो. फोन वाजला. आवाज लगेच ओळखला.

“साहेब, थांबलोय. मोटारसायकलवाला हाय, बोलतोय, शुद्धीवर हाय. दवाखान्यात घिऊन चाललोय.”

“शाब्बास! मी ठाण्यात कळवतो. एकटेच आहात का?”

“न्हाई, बायकू हाय संगं,” तो म्हणाला. “म्या म्होरं निगालो हुतो. तीच थांब म्हनून वराडली.”